दुसरा गिअर करकरतो, तिसरा सुटतो: गिअरबॉक्स बदलायचा की खोलायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, १.८ टर्बो, पाच गिअर, मीटरवर १ लाख ४० हजार किलोमीटर. दुसरा गिअर घाईत टाकला की करकर होते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा सुटून न्यूट्रल होतो. सिग्नलला न्यूट्रलमध्ये क्लच सोडून उभं राहिलं की घूं असा आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो. एक गॅरेजवाला म्हणतो कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून दुसरा बॉक्स आणून टाकू, दुसरा म्हणतो ओव्हरहॉल करू, म्हणजे आहे तोच पूर्ण खोलून नव्याने बांधू. शिवाय पुढच्या वर्षी रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर काढायची इच्छा आहे, म्हणून आत्ताच सहा गिअरचा बॉक्स किंवा लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एलएसडी, एक चाक घसरलं तरी पकड असलेल्या चाकाला जोर देणारा) बसवावा का, असं विचारताय.

भांडुपला माझं गॅरेज आहे आणि सत्तावीस वर्षं मी मुख्यतः गिअरबॉक्सचंच काम करतो. माझ्या मते बदलायचा की खोलायचा हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की आत नेमकं काय झिजलंय आणि का झिजलंय. गिअरचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा आणि बेअरिंग झिजली असतील तर तो रोजचा खर्च समजा. गिअर, हब किंवा शाफ्ट गेला असेल तर हिशेब बदलतो. बॉक्स न बघता यातलं काहीच कोणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही नाही. पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून बराच अंदाज बांधता येतो.

खोलण्याआधी क्लच आणि केबल तपासा. मी काम शिकलो ते पद्मिनी टॅक्सींवर, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असायचा त्या गाड्यांवर. ‘गिअर पडत नाही’ म्हणून टॅक्सी यायची आणि दहातल्या पाच वेळा लिंकेजचं बुश खाल्लेलं निघायचं. उस्ताद आम्हाला बॉक्सला हातच लावू द्यायचे नाहीत, आधी दांड्यापासून बॉक्सपर्यंत एकेक सांधा हलवून बघायला लावायचे. तुमच्या गाडीत दांड्याऐवजी दोन केबल आहेत, पण तत्त्व तेच. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनावर ते लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर पहिला आणि रिव्हर्ससुद्धा अडतो, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर, आतली हवा, हे आधी बघायचं. तुमची तक्रार फक्त दुसऱ्याची आहे, त्यामुळे क्लचवर माझा संशय कमी आहे. केबलची सेटिंग मात्र नक्की तपासून घ्या. केबल थोडी जरी सरकली असली तर तिसरा गिअर पूर्ण आत जात नाही, काठावरच बसतो आणि पहिल्या धक्क्याला सुटतो. ते काम अर्ध्या तासाचं आहे. त्यासाठी बॉक्स उतरवायला कोणी सांगितलं तर दुसरीकडे जा.

आता दुसरा गिअर. पहिल्यात तुम्ही ६,००० आरपीएमपर्यंत खेचून दुसरा टाकलात असं धरा. या बॉक्सच्या पहिल्याचा रेशो (आउटपुट शाफ्टच्या एका फेऱ्याला इनपुट शाफ्टचे किती फेरे) साधारण ३.३० आणि दुसऱ्याचा १.९४ आहे. गाडीचा वेग तोच राहतो, म्हणजे इंजिनाकडून फिरणाऱ्या इनपुट शाफ्टला ६,००० वरून साडेतीन हजारांवर यायला लागतं, तेही हात दांडा ढकलतोय तेवढ्या वेळात. ते ब्रेकचं काम पितळी सिंक्रो रिंग करते. गिअरच्या शंकूवर ती घासते, वेग जुळेपर्यंत स्लीव्हला (गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कडीला) अडवून धरते आणि जुळला की वाट देते. रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. शंकूवरचा तेलाचा पापुद्रा तेच कापतात. आटे घासून गुळगुळीत झाले की रिंग तेलावर घसरते, वेग जुळत नाही आणि स्लीव्ह तशीच दातांवर आदळते. तुम्ही ऐकता ती करकर तीच.

मुंबईत दुसरा गिअर सगळ्यात आधी का जातो, हे एलबीएस रोडवर संध्याकाळी सात वाजता गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, भांडुप ते घाटकोपर शेकडो वेळा. त्यात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना ३,००० चे जवळजवळ साडेचार हजार करायचं ओझंही याच रिंगवर. थंड प्रदेशात सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर करकर झाली तर ‘तेल घट्ट आहे’ म्हणता येतं. आपल्याकडे जानेवारीतही ती सबब चालत नाही. मुंबईच्या हवेत करकरतोय, म्हणजे रिंग झिजली आहे असंच मी धरतो.

तिसऱ्याची मला जास्त काळजी वाटते. गिअरच्या कडेला जे बारीक डॉग दात असतात, त्यांना मागच्या अंगाला किंचित उतरता काप दिलेला असतो. लोड आला की त्या कापामुळे स्लीव्ह आत खेचली जाते आणि गिअर धरून राहतो. काप झिजून सरळ झाला, की ॲक्सिलरेटर सोडल्यावर उलट्या दिशेचा लोड स्लीव्हला बाहेर ढकलतो. तुमचा तिसरा नेमका तिथेच सुटतोय. केबल बरोबर असूनही तो सुटत असेल, तर तीन ठिकाणी बघायचं: गिअरचे दात, स्लीव्हच्या आतल्या कडा आणि स्लीव्ह सरकवणारा फोर्क. यातला फोर्क बहुतेक वेळा चालकाच्या सवयीमुळे जातो. डावा हात सतत गिअरच्या दांड्यावर ठेवायची सवय असेल तर आजपासून सोडा. हाताचं ते वजन फोर्कमधून फिरत्या स्लीव्हवर घासत राहतं आणि फोर्कचे पॅड खाऊन टाकतं.

सिग्नलला येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबतो, म्हणजे तो इनपुट शाफ्टच्या बाजूचा आहे. क्लच दाबल्यावर कामाला लागणाऱ्या रिलीज बेअरिंगचा असता तर दाबल्यावर आला असता. पण इथे एक गोष्ट विचारून घ्या. आधीच्या मालकाने ड्युअल मास फ्लायव्हील (आतल्या स्प्रिंगांनी इंजिनाचे झटके शोषणारं जड चाक) काढून एकसंध फ्लायव्हील घातलं होतं का? तसं असेल तर आयडलला गिअरचे दात एकमेकांवर वाजतात, तो आवाज खडखड असा असतो आणि आरपीएम जरा वाढवला की जातो. बेअरिंगचा आवाज आरपीएमबरोबर चढत जातो. तुम्ही ‘घूं’ लिहिलंय, म्हणून मी बेअरिंग म्हणतो. तरी एकदा कान देऊन ऐका.

आता तपासणीची खरी सुरुवात होते ती तेलापासून, आणि ही तुम्ही गॅरेजमध्ये उभं राहून स्वतः करून घ्यावी अशी माझी विनंती आहे. गाडी वीस मिनिटं फिरवून आणा, गरम असताना तेल एका स्वच्छ, उथळ स्टीलच्या परातीत काढा आणि परात उन्हात न्या. तेल हळूच हलवलं की तळाशी सोनेरी चमक फिरताना दिसेल, जरीचा चुरा पडल्यासारखी. ते पितळ, म्हणजे सिंक्रो रिंगा. मग चुंबक फिरवा. चुंबकाला करडी, ग्रीससारखी लगदा-भुकटी लागली तर घाबरू नका, एवढ्या चालण्यात ती येणारच. पातळ पापुद्रे निघाले तर बेअरिंगचा पृष्ठभाग सुटतोय. आणि कोपरे असलेला तुकडा हाताला लागला तर तो दाताचा आहे. मग गाडी चालवत घरी नेऊ नका.

तेल दुधाळ निघालं तर मात्र गोष्ट वेगळी. आपल्या शहरात हा रोग खास आहे. बॉक्सला वर हवा जाण्यायेण्यासाठी छोटा ब्रीदर असतो. गरम बॉक्स हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेला साचलेल्या पाण्यात बुडाला की आतली हवा झटकन आकसते आणि ब्रीदरमधून, नाहीतर सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर कित्येक महिने माझ्याकडे असेच बॉक्स येत होते. त्यातलं एक बेअरिंग मी अजून ठेवलंय, नव्या पोरांना दाखवायला. गाडी पाण्यातून काढून महिनाभर तशीच उभी ठेवली होती. रोलरांवर अर्ध्या उंचीपर्यंत गंजाचे खड्डे, त्यावरचा भाग आरशासारखा स्वच्छ. पाणी कुठवर उभं होतं ते पट्टीने मोजता येईल इतकं स्पष्ट. तुमची गाडी २००५ ची आहे, जुनी कागदपत्रं चाळून ती तेव्हा मुंबईत होती का ते बघा. त्या वेळी पाण्यात गेलेल्या बॉक्सची बेअरिंगं कोणी बदलली होती की नुसतं तेल, हे आता कुणाला आठवत नसणार.

कुर्ल्याच्या बॉक्सबद्दल माझं मत सांगतो. सीएसटी रोडवरच्या मालाला मी नावं ठेवत नाही. केसिंग, शाफ्ट, गिअर यासाठी मी स्वतः तिथे जातो. पण तिथून आणलेला बॉक्स न खोलता गाडीत चढवायचा, म्हणजे तुमची माहीत असलेली झीज देऊन दुसऱ्याची माहीत नसलेली झीज घ्यायची. वर आणखी एक अडचण. डिझेल ऑक्टेव्हियाचा बॉक्स बाहेरून तुमच्या बॉक्सचा सख्खा भाऊ वाटतो, बोल्टही जुळतात, पण रेशो लांब असतात. तो लावला की गाडी चालते, फक्त टर्बोची सगळी मजा जाते आणि मालक इंजिनाला दोष देत फिरतो. केसिंगवर तीन अक्षरांचा कोड असतो. तुमच्या बॉक्सचा कोड आणि त्या बॉक्सचा कोड शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमचा तिसरा गिअर खरंच गेलेला निघाला, तर जुळणाऱ्या कोडचा बॉक्स घ्यायचा, त्यातला गिअर आणि हब वापरायचा, आणि बाकी सगळं तुमच्याच बॉक्समध्ये नव्याने बांधायचं. मी असंच करतो.

म्हणून माझं उत्तर ओव्हरहॉल असंच आहे. मात्र ‘ओव्हरहॉल’ या शब्दाखाली काय काय करणार, ते लिहून घ्या. नुसती दुसऱ्याची रिंग बदलून बॉक्स बंद करणं याला मी ओव्हरहॉल म्हणत नाही. मजुरीचा मोठा भाग बॉक्स उतरवण्या-चढवण्यात आणि खोलण्यात जातो. एकदा तो टेबलावर आला की सगळ्या सिंक्रो रिंगा, सगळी बेअरिंगं, सगळी ऑइल सीलं, सगळे सर्क्लिप नवे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बघायचं. जुनी रिंग ठेवायचीच असेल तर गिअरच्या शंकूवर दाबून रिंग आणि गिअरमधली फट फीलर गेजने मोजायची. बऱ्याच बॉक्समध्ये हद्द अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यायचा. आणि नवी रिंग बसवण्याआधी गिअरचा शंकू बोटाने चाचपायचा. शंकू निळा पडला असेल किंवा त्यावर पितळाचा लेप चढला असेल, तर नवी रिंगही वर्षभरात जाईल.

आता ज्या कामात मुंबईतले बरेच बॉक्स बिघडतात ते काम. आउटपुट शाफ्ट आणि डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) टेपर रोलर बेअरिंगवर चालतात. ही बेअरिंगं ढिली चालत नाहीत, त्यांना ठरावीक दाब देऊनच बसवायची असतात, आणि तो दाब ठरतो शिमच्या, म्हणजे बेअरिंगमागच्या पातळ चकतीच्या, जाडीवर. बेअरिंग नवं घातलं की जुनी शिम जुळेलच असं नाही. ठरावीक जाडीची तात्पुरती शिम टाकून केस बंद करायची, टॉर्क रेंचने बोल्ट आवळायचे, डायल गेज लावून शाफ्ट वरखाली हलवायचा आणि खेळ वाचायचा. उदाहरणादाखल, तात्पुरती शिम ०.६५ मिमी, खेळ आला ०.३५, दाबासाठी हवेत ०.२०, तर शिम १.२० मिमीची. पाचवीतल्या पोराला जमेल इतकी ही बेरीज, पण ती करायला डायल गेज लागतं आणि धीर लागतो. गेल्या वर्षी एक बॉक्स माझ्याकडे आला, दुसरीकडून नवी बेअरिंगं घालून जुन्याच शिमवर बंद केलेला. मालकाने चांगल्या कंपनीच्या बेअरिंगांना पूर्ण पैसे मोजले होते आणि तीन हजार किलोमीटरमध्ये बॉक्स रडायला लागला. बेअरिंगांचा काही दोष नव्हता. तुम्ही गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा: ‘शिम कशी काढणार?’ डायल गेज दाखवत त्याने उत्तर दिलं तर गाडी ठेवा.

बेअरिंगं नागदेवी स्ट्रीटला मिळतात, पण खात्रीच्या दुकानातूनच घ्या आणि बिल घ्या. नकली खोक्यातला माल तिथेही फिरतो. बसवताना बेअरिंग साधारण १०० अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर सरकवायचं किंवा प्रेसवर, बरोबर त्या रिंगवर दाब देऊन. हातोडी चालवली तर रोलरच्या वाटेवर खाच पडते, आणि तो आवाज महिन्याभराने येतो, तेव्हा कोणाला सांगणार?

अपग्रेडबद्दल मी थोडा परखड बोलतो. तुमच्या बॉक्सचं कारखान्यातलं नाव ०२जे, फोक्सवॅगनच्या नंतरच्या पद्धतीत एमक्यू२५०. त्यातला २५० म्हणजे हा बॉक्स २५० न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) सोसणाऱ्या वर्गातला. तुमचं इंजिन कारखान्यातून २१० देतं. म्हणजे आत्ता चाळीसची राखीव जागा आहे. दोनशेच्या वर हॉर्सपॉवर काढलीत की टॉर्क बहुतेक २५० ओलांडणार. बॉक्स लगेच फुटतो असं नाही, पण तुमच्या प्रत्येक क्लच सोडण्याचा हिशेब ठेवला जातो.

या बॉक्सचा दुखरा भाग डिफरन्शिअल. मोठा क्राउन गिअर डिफच्या खोक्याला रिव्हेटने जोडलेला असतो. जोरात लाँच केलं, किंवा पावसात एक चाक जागेवर गरगरत राहिलं की रिव्हेटवर मार बसतो. रिव्हेटचं डोकं तुटून सुटलं की ते केसिंगमध्ये फिरतं आणि भोक पाडूनच बाहेर येतं. शिवाय एकच चाक फिरत असताना डिफच्या आतली पिन तेलाविना घासते आणि चिकटते. म्हणून बॉक्स खोललाच आहे तर रिव्हेट काढून १२.९ ग्रेडच्या बोल्टचं किट टाका. रिमॅप कधीच केला नाही तरी टाका.

पैसे असतील तर त्याच पैशांत थोडी भर घालून हेलिकल प्रकारचा लिमिटेड स्लिप डिफ. क्वाइफ किंवा वेवट्रॅकचा या बॉक्ससाठी मिळतो. तो बसवताना क्राउन गिअर बोल्टनेच लागतो, म्हणजे रिव्हेटचा प्रश्नही तिथेच मिटतो. आत क्लच प्लेटा नसतात, गिअरच एकमेकांवर दाबून पकडणाऱ्या चाकाकडे जास्त टॉर्क पाठवतात, त्यामुळे वेगळं तेल लागत नाही. पावसात खंडाळा घाटात वळणातून बाहेर पडताना फरक हाताला कळतो. जोरात पाय दिला की स्टिअरिंग थोडं ओढतं, एवढी सवय करावी लागते. हा डिफ आत्ता नको, पुढच्या वर्षी बघू, असं मात्र करू नका. त्यासाठी बॉक्स पुन्हा पूर्ण खोलायला लागतो आणि डिफच्या शिमा पुन्हा मोजायला लागतात. बॉक्सच्या आत खोलवर जे टाकायचं असेल ते आत्ता. रिमॅप, इंटरकूलर, एक्झॉस्ट हे सगळं बॉक्स न उतरवता होतं, ते थांबू शकतं. पाचवा गिअरसुद्धा बॉक्सच्या टोकाच्या झाकणाखाली असतो, लांब रेशोचा घालायचा झाला तर गाडीतच बदलता येतो.

सहा गिअरचा ०२एम हा मोठा आणि ताकदवान बॉक्स आहे, ३५० च्या वर्गातला. पण तो नुसता बॉक्स येत नाही. त्याच्याबरोबर फ्लायव्हील आणि क्लच, माउंट, ड्राइव्हशाफ्ट, गिअरच्या केबल असा बराच संसार येतो, आणि त्यातलं एखादं बुश अडलं की गाडी दोन महिने गॅरेजमध्ये. तीनशे न्यूटन-मीटरच्या पुढे जायचं पक्कं असेल तरच त्या वाटेला जा. तुमच्या प्रश्नावरून तुम्हाला गाडी रोज ठाण्याहून बीकेसीला न्यायची आहे आणि महिन्यातून एकदा घाटात. त्यासाठी पाच गिअरचा, नीट शिम लावलेला, बोल्ट केलेला किंवा एलएसडीचा बॉक्स पुरेसा आहे.

तेलावर शेवटचं. गिअर ऑइलचे जीएल-४, जीएल-५ असे दर्जे असतात; दुकानदार ‘जीएल-५ भारी असतं साहेब’ म्हणून गळ्यात मारतील. घेऊ नका, ७५डब्ल्यू-९० जीएल-४ घ्या, साधारण दोन लिटर लागतं. जीएल-५ बनलंय मागच्या ॲक्सलच्या हायपॉइड गिअरसाठी, जिथे दात एकमेकांवर आडवे घसरतात. तुमच्या बॉक्सची फायनल ड्राइव्ह (डिफला फिरवणारी शेवटची गिअर जोडी) साध्या हेलिकल, म्हणजे तिरप्या, दातांची आहे, तिला त्याची गरजच नाही. उलट त्या तेलातल्या जास्तीच्या रसायनांमुळे सिंक्रो रिंगची पकड कमी होते आणि गरम झाल्यावर काही तेलं पितळही खातात. नव्या रिंगांवर चुकीचं तेल घातलं तर दुसरा गिअर पहिल्या दिवसापासून करकरेल आणि दोष मिस्त्रीवर जाईल.

बॉक्स चढल्यावर पहिले आठशे किलोमीटर दुसरा आणि तिसरा सावकाश टाका, एक क्षण न्यूट्रलला थांबून. हजाराला तेल बदला, आणि तेव्हाही परात उन्हात न्या. करडी भुकटी आणि थोडी सोनेरी चमक दिसेल, नव्या रिंगा बसताना तेवढं सुटतं. बोटाला टोचणारा तुकडा सापडला, तर गाडी सुरू करू नका. आहे तिथेच उभी ठेवा आणि ज्याने बॉक्स बांधला त्याला तो तुकडा हातात द्या.